नलूआत्याचा आवाज कोणी बंद केला?

हे प्रकरण शेजारच्या बलजीत आंटींनी सोडवलं. स्वेटर विणता विणता, एकही टाका न सोडता.

असं काही झालेलं नाही. वरची दोन वाक्यं चुकून कोणी वाचली असतील तर त्यांनी ती वाचलीच नाहीत असं धरून चालावं, असं अंशुमनचं म्हणणं आहे. आणि प्रकरण अंशुमनचं असल्यामुळे त्याचं म्हणणं आधी.

तर अंशुमन. तो स्वतःची ओळख करून देतो ती अशी : "त्रिसिटीतला पहिला, एकमेव आणि त्यामुळे साहजिकच सर्वश्रेष्ठ मराठी गुप्तहेर. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला अशा तीन शहरांत, दोन राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात माझी नजर चुकवून मुंगीसुद्धा..." इथे तो थांबतो, कारण मुंगीने नक्की काय करायचं हे त्याचं अजून ठरलेलं नाही. त्याचं व्हिजिटिंग कार्डही आहे. गुप्तहेराचं कार्ड गुप्तच हवं, म्हणून त्यावर नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. कार्ड दोन्ही बाजूंनी कोरं आहे. पाचशे छापून घेतली आहेत.

दिवसा तो आयटी पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. गेल्या वर्षभरात त्याला एकही चूक सापडलेली नाही. याचा अर्थ सॉफ्टवेअर निर्दोष आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आहे. कंपनीनेही एक निष्कर्ष काढला आहे, पण त्याची मेल अजून आलेली नाही.

आणि प्रणव हा त्याचा सहायक. या नेमणुकीसाठी जाहिरात, मुलाखत वगैरे काही झालं नाही. मनीमाजऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत माणसं दोन. एकाने गुप्तहेर व्हायचं ठरवल्यावर दुसऱ्याच्या वाट्याला उरलेलं पद आलं. भांडी घासायचं कामही त्याच्याकडे असंच आलं होतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री जेवताना प्रणवचा फोन वाजला. सुलोचनाआजी होत्या.

"प्रणव, बाळा, रविवारी येऊ नका रे पोरांनो. परवाच्या गाडीने मी वाईला चालले. कायमची."

प्रणवच्या हातातला पराठा हातातच राहिला. तो सलग अकरावा पराठा होता. त्या जेवणातला नव्हे, त्या आठवड्यातला. सुलोचनाआजी त्याच्या वाईकडच्या. मुलगा जयंत सैन्यात लेफ्टनंट कर्नल, त्याची बदली इकडे झाली तेव्हा आजी त्याच्याबरोबर चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये आल्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी या दोन पोरांना तिथे भाजणीचं थालीपीठ मिळे. वर लोण्याचा गोळा. लोणी पंजाबचं, थालीपीठ वाईचं; राष्ट्रीय एकात्मतेची इतकी चांगली व्याख्या प्रणवने कुठे वाचली नव्हती.

"पण आजी, झालं काय?"

"काय व्हायचंय? ह्या घरात मला एक अर्धा तास मराठी ऐकायला मिळतं. तेवढंसुद्धा सूनबाईंना बघवत नाही. टीव्हीचा आवाज बंद करते माझ्या. आता सरळ 'जा' म्हणायचं कसं, म्हणून हे. मला समजतं सगळं. न सांगता समजतं." आणि आजींनी नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दीचा नव्हता.

प्रणवने फोन ठेवला. अंशुमनने पराठा बाजूला सारला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. त्याला तेच आवडतं.

"प्रणव," तो म्हणाला, "यात एका बाईचा हात आहे."

"आजींनी आत्ता सांगितलंच की. सूनबाई. चित्रावहिनी."

"मी तिथे तर्काने पोचलो."

शुक्रवारी संध्याकाळी दोघं चंडीमंदिरच्या गेटवर हजर झाले. गेटवरच्या वहीत येण्याचं कारण लिहायचं असतं. अंशुमनने लिहिलं : 'गुप्त'. सैन्याच्या गेटवर हा शब्द कसा वाचला जातो याचा त्याने विचार केला नव्हता. पुढची चाळीस मिनिटं दोघं एका बाकावर बसून होते. जवानाने अंशुमनचं कार्ड मागितलं, त्याने दिलं. जवानाने ते उलटंसुलटं केलं, उजेडापुढे धरून पाहिलं आणि आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने ते शेगडीवर धरून गरम केलं. शेवटी प्रणवने वहीत 'थालीपीठ' असं लिहिल्यावर त्यांना आत सोडलं.

दार आजींनीच उघडलं. त्यांच्यामागे हॉलमध्ये बांधलेली ट्रंक दिसत होती, तिला कुलूपही घातलेलं. जयंतदादा कुठल्याशा सरावासाठी राजस्थानात गेले होते. ही वेळ बघून त्यांनी स्वतःच आपलं नाव पुढे केलं असावं, अशी प्रणवला शंका आली. पण तो सहायक होता, त्याला शंका घेण्याचा अधिकार नव्हता.

कोपऱ्यातल्या खुर्चीत शेजारच्या बलजीत आंटी भलामोठा राखाडी स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. तरी रोज साडेसातला त्या आजींबरोबर मराठी मालिका बघायला येतात. थंडीत एकटं बसण्यापेक्षा कोणाच्या तरी घरचं भांडण बरं, असं त्यांचं मत.

"मालिकेबद्दल सांगा," अंशुमन वही उघडून म्हणाला.

"'उंबरठा तिचा, दिवा माझा'," आजी म्हणाल्या. "चांगली होती रे. गरीब घरची पोर, मोठं घर, नवरा भोळा. मग ती नलूआत्या आली."

नलूआत्या! हे नाव घेतल्यावर आजींच्या कपाळावर आठ्यांचं जे जाळं उमटलं, त्यावरून हिची ओळख वेगळी करून द्यायला नको. पण ज्यांच्या घरी टीव्ही नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगायचं तर नलूआत्या ही नवऱ्याच्या वडिलांची बहीण. दोन दिवसांसाठी माहेरी आली त्याला आता चारशे बारा भाग झाले. "मी बाई काही बोलणार नाही," असं म्हणून ती बोलायला सुरुवात करते ती मधली जाहिरात लागेपर्यंत. घरात कोणाला नोकरी लागली तर हिच्या कपाळात कळ. कोणी चहा दिला तर "साखर बघून घातलीस ना गं? की आपलं घर बुडवायचंच ठरवलंयस?" आणि प्रत्येक वाक्यानंतर कॅमेरा घरातल्या अकरा माणसांच्या चेहऱ्यांवरून फिरून परत हिच्या नथीवर येतो. पुण्यात एका गृहस्थाने हिच्या तोंडावर चप्पल फेकली म्हणतात. टीव्ही नवा घ्यावा लागला, नलूआत्या तीच.

"आणि आवाज?"

"ती आली की जातो. इतर वेळी टीव्ही खणखणीत. ती दारातून आत आली, दोन वाक्यं बोलली, की हा मुका! नेमकी तेव्हाच चित्रा कामावरून आत येते. मग ती भिंतीवरचं बटण बंद करून चालू करते, तेव्हा आवाज येतो. तोवर ती बया बोलून गेलेली असते. आता ती काय बोलली हे कळल्याशिवाय मी तिला शिव्या तरी काय म्हणून घालू?"

"टीव्हीचा मेकॅनिक?"

"तीनदा आला. दुपारचा येतो मेला. दुपारी नलूआत्या कुठून आणू?"

अंशुमनने टीव्हीची पाहणी सुरू केली. टीव्हीवर आजींनी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. जुन्या डबा टीव्हीवर असे रुमाल छान बसायचे. हा टीव्ही बोटभर जाडीचा, त्यामुळे तो कपडे वाळत घालायच्या पाच चिमट्यांनी वरच्या कडेला अडकवला होता आणि पडद्याची वरची चार बोटं जागा झाकून खाली लोंबत होता. अंशुमनने चिमटे मोजले. परत मोजले. "पाच," असं त्याने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"रिमोट कुठे असतो?"

"माझ्याजवळ. कोणी चॅनेल बदलेल म्हणून मी तो मांडीवरच ठेवते, शालीखाली. बटणांतलं मला काही कळत नाही हो, पण ताब्यात असलेला बरा."

"म्हणजे रिमोट सुरक्षित हातात आहे," अंशुमन म्हणाला. "चला, तो प्रश्न मिटला."

त्याने प्रणवला बाल्कनीत बोलावलं. "तीन शक्यता. एक : नलूआत्याचं काम करणाऱ्या नटीचं आणि चॅनेलचं बिनसलंय. तिला काढता येत नाही म्हणून गुपचूप आवाज कापतात. दोन : त्या विणणाऱ्या बाई. त्यांच्या सुया धातूच्या आहेत. धातूची सुई म्हणजे काय?"

"सुई."

"अँटेना! पण त्यांना मराठी येत नाही, तेव्हा हेतू शून्य. त्यांना यादीतून काढ. त्या काहीच बघत नाहीत."

"आणि तीन?"

अंशुमनने आवाज खाली आणला. "तुझ्या चित्रावहिनी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये काय काम करतात?"

"डॉक्टर आहेत. भूल देतात."

"भूल! म्हणजे समोरच्याची बोलती बंद करणं हा त्यांचा व्यवसाय आहे, प्रणव. दिवसभर माणसं गप्प करून घरी यायचं, आणि घरात नलूआत्या बोलतेय. तू असतास तर काय केलं असतंस?"

प्रणवला हे पटलं नाही, पण पटलं नाही म्हणायला त्याच्याकडे दुसरी काही कल्पना नव्हती. शिवाय ट्रंकेला कुलूप लागलेलं होतं.

सात वाजून दहा मिनिटांनी चित्रावहिनी आल्या. शुक्रवारी त्या जरा लवकर सुटतात. त्यांनी दोघांना पाहून "अरे, तुम्ही?" एवढंच विचारलं, ट्रंकेकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक भिजवायला घेतली. आजींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी आजींकडे बघितलं नाही. दोघींची इतकी नेमकी नजरानजर न होणं प्रणवने फक्त कंपनीच्या लिफ्टमध्ये पाहिलं होतं.

"वहिनी," तो दारातून हळूच म्हणाला, "आजींना थांबवा ना."

"मी कशी थांबवू?" कणकेत हात असलेल्या चित्रावहिनी म्हणाल्या. "ज्यांना माझं तोंडही बघवत नाही, त्यांना मी थांबा म्हणून अजून त्रास देऊ? जाऊ देत. तिकडे तरी सुखात राहतील." आणि त्यांनी कणकेला असा बुक्का मारला की प्रणवने पुढचा प्रश्न गिळला.

साडेसात. अंशुमन पडद्यामागे उभा राहिला. खाली त्याचे बूट दिसत होते, पण त्याला ते दिसत नव्हते. कानाला फोन, पुण्यातली त्याची मावशी तीच मालिका बघत होती. प्रणव स्वयंपाकघराच्या दारात, एक डोळा टीव्हीवर, एक चित्रावहिनींवर. आजी सोफ्यावर, अंगावर शाल. बलजीत आंटी खुर्चीत.

मालिकेतल्या पोरीला बँकेत नोकरी लागली. घरात पेढे वाटले गेले. दार करकरलं. नथ आली, मागोमाग नलूआत्या.

"मी बाई काही बोलणार नाही," ती म्हणाली.

"आली बघ अवदसा!" आजी गरजल्या. "घर खायला बसलीय मेली! त्या गरीब नवऱ्याचं वाटोळं करूनच जाणार ही..."

आणि टीव्ही मुका झाला.

"धरा!" अंशुमन ओरडला आणि पडद्याच्या दांडीसकट बाहेर आला. "कोणी हलू नका! मावशी, तुझ्याकडे बोलतेय का ती?"

"बोलतेय रे," फोनमधून मावशीचा थकलेला आवाज आला. "थांबतच नाही."

"पहिला सिद्धांत बाद! प्रणव, वहिनी काय करत होत्या?"

"कणीक मळत होत्या. दोन्ही हात परातीत. मी बघत होतो."

पडद्याची दांडी अंशुमनच्या खांद्यावर होती. "म्हणजे दुरून भूल," तो म्हणाला. "विज्ञान किती पुढे गेलंय बघ."

"अंशुमन, त्यांचे हात कणकेत होते."

"मग टीव्हीच! या टीव्हीला अक्कल आली आहे. चारशे बारा भाग ऐकून यंत्राची सहनशक्ती संपली. प्रणव, हे जगातलं पहिलं उपकरण आहे ज्याला अभिरुची आहे! लिहून घे!"

"पुत्तर जी," कोपऱ्यातून आवाज आला.

"आंटी, एक मिनट. तपास चल रही है."

"हां हां, चलने दो," बलजीत आंटी टाके मोजत म्हणाल्या. "मैं तो बस ये पूछ रही थी, इतना शोर किस बात का? आवाज तो माताजी ही बंद करते हैं. रोज करते हैं."



"मी?" आजी म्हणाल्या.

"लो जी! मुझे तो आपकी भाषा आती नहीं, तो टीवी में मैं क्या देखूं? मैं तो आपको ही देखती हूं. टीवी से अच्छी एक्टिंग तो आप करते हो." आंटींनी सुया खाली ठेवल्या, मांडीवर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि तळवे उलटे करून सगळा भार खाली दिला. कडकडकड. "वो नथवाली आई नहीं, कि आप ऐसे करते हो. शॉल के नीचे. और टीवी चुप! मैं तो सोचती थी जानबूझ के करते हो. बहुत अच्छा करते हो, जी. इतना बोलती है वो."

प्रणवने आजींची शाल जरा बाजूला केली. मांडीवर रिमोट. रिमोटवर आजींचे दोन्ही हात, बोटं अजून एकमेकांत अडकलेली. नलूआत्याच्या नावाने आजी रोज कडाकडा बोटं मोडत होत्या, जशी त्यांच्या आईने आणि आजीने आपापल्या नलूआत्यांच्या नावाने मोडली असतील. फरक इतकाच, की त्या पिढ्यांच्या मांडीवर रिमोट नव्हता. प्रणवने मग टीव्हीवरचा रुमाल वर उचलला. मागे कोपऱ्यात भोंग्याचं छोटंसं चित्र होतं, त्यावर काट मारलेली. चारशे बारा भागांपैकी किती भाग ते तिथे रुमालाआड बसून होतं कोण जाणे.

"चिमटे पाच होते, हे मी आधीच लिहून ठेवलं आहे," अंशुमन म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

चित्रावहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. हात कणकेने माखलेले.

"आई," त्या म्हणाल्या, "ते तुम्ही तिला म्हणायचात?"

"कोणाला?"

"त्या नलूआत्याला. 'आली बघ अवदसा, घर खायला बसलीय.' मी रोज साडेसातनंतर कुलूप उघडून आत येते. टीव्हीचा आवाज नसतो. आणि आतून तुम्ही म्हणत असता, आली बघ अवदसा. मला काय वाटणार? सहा महिने मला वाटतंय, तुम्ही मला म्हणता."

आजी एकदम उसळल्या.

"अगं, तुला म्हणायचं असतं तर तोंडावर म्हटलं असतं की! मी काय अशी आडून बोलणारी आहे? परवा भेंडी चिकट झाली होती, ते म्हटलं की नाही तोंडावर?"

"म्हणालात."

"त्याआधी कढीत मीठ नव्हतं, ते?"

"तेही म्हणालात."

"मग!"

हा युक्तिवाद बिनतोड होता. चित्रावहिनींना हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं, आणि दोन्ही पुसायला हात मोकळे नव्हते. आजी उठल्या. पदराने त्यांनी सुनेचे डोळे पुसले, जरा जास्तच जोरात, आणि म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तू मला गप्प करतेयस. बरं, कणीक सैल झालीय, हे तोंडावर सांगते."

"क्या हुआ?" बलजीत आंटींनी विचारलं.

"कुछ नहीं, आंटी," प्रणव म्हणाला. "केस सॉल्व हो गई."

"अच्छा! किसने की?"

"आमच्या संस्थेने," अंशुमन खांद्यावरची दांडी सावरत म्हणाला आणि त्याने आंटींना एक कार्ड दिलं. आंटींनी त्यावर स्वेटरच्या टाक्यांचा हिशेब लिहिला. पहिल्यांदाच त्या कार्डावर काहीतरी मजकूर आला.

आजींनी कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली आणि सगळ्यात वरचा भाजणीचा डबा बाहेर काढला. तवा तापेपर्यंत चित्रावहिनी जयंतदादांच्या टेबलावरून एक फाईल घेऊन आल्या. त्या घरात अर्ज एकाच प्रकारचे लिहिले जात, बदलीचे. नमुना तयार होता. आजी सांगत गेल्या, चित्रावहिनी लिहीत गेल्या. सहीपुरती अंशुमनला जागा ठेवा, असं अंशुमनने तीनदा सुचवलं. अर्ज शनिवारी सकाळी, पुण्याची गाडी चंदीगड स्टेशनातून आजींविना सुटली त्या सुमारास, पोस्टात पडला. तो असा :

प्रति, मा. कार्यक्रम प्रमुख, मराठी मालिका विभाग.
विषय : श्रीमती नलूआत्या यांची तातडीने बदली होणेबाबत.

महोदय,
वरील पात्र आपल्या 'उंबरठा तिचा, दिवा माझा' या ठिकाणी चारशे तेरा भाग सलग तैनात असून, नियमाप्रमाणे त्यांचा कार्यकाळ केव्हाच संपला आहे. तरी त्यांची बदली एखाद्या अतिउंच, बर्फाळ अशा नॉन-फॅमिली ठिकाणी करण्यात यावी, जेथे त्यांना बोलायला कोणी नातेवाईक मिळणार नाही. ते शक्य नसल्यास त्यांनी "मी बाई काही बोलणार नाही" हे आपले निवेदन अधिकृत मानून त्याचे पालन करावे, असे लेखी आदेश द्यावेत.

अर्जदार क्र. १, सुलोचना शंकर शेडगे, या यापुढे अर्जदार क्र. २, डॉ. चित्रा जयंत शेडगे, जेथे राहतील तेथेच कायम मुक्कामी असणार आहेत, याची कृपया नोंद घेऊन आपला होकार दोघींच्या नावे, एकाच पाकिटात, येत्या सोमवारी साडेसातच्या आत पाठवावा, ही विनंती.